खानापूरचा आड, अथणीचं बोअर: घरच्या पाण्यात काय विरघळलंय ते ओळखा, मग उपाय करा

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीकडच्या आडाचं पाणी आणि अथणीकडच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी दोन तांब्यांत शेजारी ठेवलं, तर डोळ्यांना काही फरक कळायचा नाही. अंघोळीला बसलं की कळतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात साबणाचा बुळबुळीतपणा अंगावरून लवकर जात नाही आणि अथणीला साबण फेसच धरत नाही. डाळीचंही तसंच. एकीकडे दोन शिट्ट्यांत गळते, दुसरीकडे चार शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली येतो.

असं असूनही निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांना पाणी शुद्ध करायचं एकच मशीन, म्हणजे आरओ, विकलं जातं. मशीनला माझा विरोध नाही, पण ते घेण्याआधी आपल्या पाण्यात काय आहे हे माहीत पाहिजे. त्यातलं बरंचसं घरीच, शंभर-दोनशे रुपयांच्या सामानात कळतं. उरलेल्यासाठी प्रयोगशाळा आहे. तपासणी कशी करायची आणि तिच्या निकालावरून काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी जमीन बघा

ढगातून पडणारं पाणी जवळजवळ शुद्ध असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होतं. स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, ७ च्या खाली आम्लधर्मी) साधारण ५.६ असतो. हे सौम्य आम्ल जमिनीत मुरताना वाटेत जो दगड भेटेल त्यातले क्षार थोडे थोडे सोबत घेतं. त्यामुळे पाण्याचा स्वभाव ठरतो तो खालच्या दगडावर, आणि पाणी त्या दगडाच्या सहवासात किती काळ राहिलं यावर.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पाऊस दांडगा आणि वर जांभा दगड. जांभ्यातले विरघळणारे क्षार हजारो वर्षांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेले. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून इथलं पाणी हलकं, थोडं आम्लाकडे झुकणारं, आणि कुठे कुठे लोहयुक्त. मलप्रभा इथेच उगम पावते. मार्कंडेय नदीवरचं राकसकोप धरण बेळगाव शहराला पाणी देतं, तेही घाटाकडच्याच पावसाचं. शहराचा दुसरा मोठा आधार म्हणजे घटप्रभेवरचं हिडकल.

उत्तरेला आणि पूर्वेला गेलात की चित्र पालटतं. चिकोडी, रायबाग, अथणी या भागात काळा कातळ आणि त्यावर काळी माती. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे क्षार धुऊन जाण्याऐवजी साचतात. कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षं पाटाने पाणी दिल्यामुळे कित्येक रानं क्षारपड झाली, आणि तिथलं बोअरचं पाणी मचूळ लागतं. गोकाक-रामदुर्गच्या बाजूला कलादगी गटाचे खडक आहेत, त्यात चुनखडीही येते. चुनखडीतून आलेलं पाणी जड होणारच.

हा झाला अंदाज. एकाच गल्लीत साठ फुटांचा आड आणि चारशे फुटांचं बोअर यांचं पाणी वेगळं निघू शकतं. म्हणून आता तपासणीकडे वळू.

पायरी १: साबणाची चाचणी

पाठ्यपुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात तेच आपलं जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण या दोघांशी आधी जोडला जातो आणि न विरघळणारा चिकट, पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. हे दोघे संपेपर्यंत फेस येत नाही. नेमक्या याच गोष्टीचा मोजणीसाठी उपयोग करता येतो.

सामान: इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर तीन लिटर (ते शक्य तितकं शुद्ध हवं), औषधाच्या दुकानातली सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज, झाकणाच्या दोन-तीन छोट्या काचेच्या बाटल्या, आंघोळीचा चांगला साबण आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम सल्फेट कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतं. साबण घेताना वेष्टनावर ‘टीएफएम’ (साबणातला तेल-चरबीपासूनचा एकूण भाग) ७६ टक्के किंवा जास्त लिहिलेला घ्या. हँडवॉश किंवा कपड्यांची पावडर चालणार नाही, कारण ती बहुधा डिटर्जंट असतात आणि जड पाण्यातही फेस देतात.

साबणाचा २ ग्रॅम कीस १०० मिलिलिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. हे द्रावण कोमटच ठेवा, गार झालं की घट्ट होतं. दुसऱ्या भांड्यात १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवा. झालं तुमचं ओळखीचं जड पाणी. त्याचा जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, लिटरला जवळपास ४०० मिलिग्रॅम येतो. एक ग्रॅम मोजायला घरचा काटा उपयोगाचा नाही. सराफाकडे मोजून घ्या, किंवा १० ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवून त्यातलं १०० मिलिलिटर घ्या आणि त्यात डिस्टिल्ड पाणी घालून एक लिटर करा.

आता एका बाटलीत २५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घ्या. सिरिंजने साबणाचं द्रावण थोडं थोडं सोडा आणि प्रत्येक वेळी झाकण लावून जोराने हलवा. बाटली आडवी ठेवल्यावर फेसाचा थर दोन मिनिटं टिकला की थांबा आणि किती द्रावण लागलं ते लिहून ठेवा. हेच ४०० च्या पाण्यावर करा, मग तुमच्या घरच्या पाण्यावर.

समजा डिस्टिल्ड पाण्याला ०.३ मिलिलिटर लागलं, ४०० च्या पाण्याला ४.७ आणि तुमच्या बोअरच्या पाण्याला ६.९. पहिले ०.३ दोन्हींतून वजा करा. ४.४ म्हणजे ४००, तर ६.६ म्हणजे ६००. तुमच्या पाण्याचा जडपणा साधारण ६००. प्रयोगशाळेइतका काटेकोर आकडा हा नव्हे, पण १०० आहे, ३०० आहे की ६००, हे यातून नक्की कळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतं.

पायरी २: उकळून पुन्हा तीच चाचणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाची हीच आहे.

जडपणा दोन प्रकारचा असतो. कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपातला असेल तर उकळल्यावर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट पांढरा थर होऊन तळाला बसतं. हा तात्पुरता जडपणा. सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपातला असेल तर कितीही उकळा, तो तसाच राहतो. हा कायमचा.

एक लिटर पाणी पंधरा मिनिटं उकळा, गार करा, घट्ट विणीच्या सुती कापडातून गाळा. उकळताना आटलेलं पाणी डिस्टिल्ड पाण्याने भरून काढा. आता साबणाची चाचणी पुन्हा करा. समजा या वेळी २.५ मिलिलिटर लागलं. ०.३ वजा केले की २.२, म्हणजे २००. याचा अर्थ ६०० पैकी ४०० जडपणा तात्पुरता आणि २०० कायमचा.

या विभागणीवर पुढचे निर्णय ठरतात. तात्पुरता जास्त असेल तर बंब, गीझर आणि चहाच्या पातेल्याला त्रास जास्त. कायमचा जास्त असेल तर उकळण्यात गॅस घालवू नका.

पायरी ३: लोह आहे का ते बघा

खानापूर तालुक्यातल्या लोकांनी हे वगळू नये. उपशाच्या वेळी पाणी नितळ असतं, हंड्यात तासभर राहिलं की पिवळसर होतं, सकाळी तळाला तांबूस गाळ बसलेला असतो. जमिनीखाली हवा नसते, त्यामुळे तिथलं लोह विरघळलेलं आणि रंगहीन असतं. वर येऊन हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचं न विरघळणारं, गंजासारखं रूप होतं.

घरगुती चाचणी अगदी सोपी. ताज्या पाण्याच्या पेल्यात हिरड्याच्या पुडीची चिमूट टाका, किंवा पेरूचं पान चुरगळून टाका. या दोन्हींत टॅनिन असतं. लोह असेल तर पाणी जांभळट-काळसर होतं. डिस्टिल्ड पाण्याच्या पेल्याशी ताडून बघा म्हणजे फसगत होणार नाही. अशा पाण्याचा चहा काळपट होतो तोही याच कारणाने. चहाच्या पुडीचा त्यात काही दोष नाही.

पायरी ४: टीडीएस मीटर, आणि त्याचा अर्थ

पेनसारखं दिसणारं हे मीटर काहीशे रुपयांत मिळतं. ते पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून टीडीएसचा, म्हणजे एकूण विरघळलेल्या क्षारांचा, अंदाज लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवतं. मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे, पर्याय नसेल तर २०००. मीटर घेतलंत तर चांगलंच. ते वर्षभर वापरा, उन्हाळ्यात आकडा किती चढतो आणि पावसाळ्यात किती उतरतो ते नोंदवा.

पण हे मीटर जंतू दाखवत नाही. नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हेही वेगळं सांगत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळालाही ते १५० दाखवेल आणि निरोगी आडालाही १५०.

आता दारावर येणाऱ्या विक्रेत्याच्या जादूबद्दल. तो दोन पेले मांडतो. एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. धातूच्या दांड्या बुडवून वीज सोडतो. तुमचं पाणी तपकिरी-हिरवट, किळसवाणं होतं, त्याचं नितळ राहतं. घरातली माणसं घाबरतात आणि लगेच चेक लिहितात. प्रत्यक्षात तो गाळ दांडीतल्या लोखंडाचा असतो. तुमच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि लोखंड विरघळून बाहेर येतं. त्याच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काहीच घडत नाही. पुढच्या वेळी त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, ‘आता लावा बघू दांड्या.’ तेही पाणी तसंच घाण होईल.

पायरी ५: प्रयोगशाळेत काय तपासून घ्यायचं

नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू हे तीन घरी कळत नाहीत. त्यासाठी जिल्ह्याच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाची प्रयोगशाळा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी फील्ड टेस्ट किट देऊन गावातल्या महिलांना तपासणीचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करा.

रसायनांसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळून काठोकाठ भरा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. ती खंगाळू नका, तोंडाला बोट लावू नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नळाचा नमुना घेत असाल तर दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या.

अहवाल कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, आकडे सगळ्यांना वाचता येतात. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि त्यात सवलत नाही. फ्लोराइड १ पर्यंत उत्तम, १.५ च्या वर अजिबात नको. क्लोराइड २५० पर्यंत इष्ट. पीएच ६.५ ते ८.५. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, आढळता कामा नयेत.

उसाला युरिया भरपूर पडतो अशा भागात बोअर असेल, किंवा आडाजवळ गोठा वा शोषखड्डा असेल, तर नायट्रेट तपासल्याशिवाय राहू नका. तान्ह्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. आणि बाळासाठी म्हणून आपण पाणी मुद्दाम जास्त उकळतो, तिथेच घोटाळा होतो. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं.

आता उपाय

*धुणं आणि अंघोळ.* वरच्या उदाहरणातल्या ६०० जडपणाच्या २० लिटरच्या बादलीत १२ ग्रॅम जडपणा असतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने तो संपवायला ७० ग्रॅमच्या पुढे साबण लागतो, म्हणजे जवळजवळ अख्खी छोटी वडी, आणि कपडे धुणं अजून सुरूही झालेलं नसतं. तेच काम धुण्याचा सोडा १३ ग्रॅममध्ये करतो. स्फटिकाच्या रूपातला सोडा असेल तर त्यात पाणीच निम्म्याहून जास्त असतं, तो ३४ ग्रॅम घ्या. बादलीत सोडा आधी विरघळवा, अर्धा तास थांबा, पांढरा गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी घ्या. हे पाणी फक्त कपड्यांसाठी. पिऊ नका, लोकर आणि रेशमाला लावू नका.

*डाळ.* कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि गरातल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. कुकर हवाच. तात्पुरता जडपणा असेल तर डाळीचं पाणी आदल्या रात्री उकळून, निवळून वरचं घ्या. कायमचा असेल तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी फक्त डाळीपुरतं वापरा. चिमूटभर खाण्याचा सोडा काम करतो, पण त्याने काही जीवनसत्त्वं जातात, म्हणून रोजची सवय नको. चिंच आणि टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आंबटपणाही दाण्याला मऊ होऊ देत नाही.

*गीझर आणि बंब.* बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे, म्हणून थर नेमका तापणाऱ्या कांडीवरच बसतो. गीझर ५० ते ५५ अंशांवर ठेवलात तर थर हळू धरतो. शॉवरची जाळी, इलेक्ट्रिक किटली किंवा पाण्यात सोडायची कांडी साफ करायला एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवून तासभर भिजत ठेवा. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले की थर तरी संपला किंवा आम्ल तरी. थर अजून दिसत असेल तर नवं द्रावण करा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लिंबूसत्व, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो.

*गढूळ पाणी.* जून-जुलैत नळालाही तांबडं पाणी येतं. तुरटी फिरवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण किती फिरवायची याला माप नसतं. मातीचे बारीक कण ऋण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटतात आणि खाली बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं आणि त्याचा जो फुगीर, कापसासारखा साका होतो त्यात माती अडकून खाली जाते.

माप असं काढा. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. चार बाटल्यांत एक-एक लिटर गढूळ पाणी घ्या आणि त्यात या द्रावणाचे अनुक्रमे १, २, ३ आणि ५ मिलिलिटर टाका. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटं अगदी हळू ढवळा आणि अर्धा तास हात लावू नका. ज्या सगळ्यात कमी मापात पाणी नितळ झालं, त्याच्या वीसपट द्रावण २० लिटरच्या बादलीला. म्हणजे ३ मिलिलिटरला निवळलं तर बादलीला ६०.

चारही बाटल्या गढूळच राहिल्या? खानापूरकडे असं होऊ शकतं. साका तयार व्हायला पाण्यात थोडा बायकार्बोनेट लागतो आणि हलक्या पाण्यात तो पुरेसा नसतो. तुरटी नुसती पाणी आंबट करते. तिथे चुन्याची निवळी कामाला येते. पानाला लावायचा नुसता चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि वरचं स्वच्छ पाणी घ्या. बादलीत १ ग्रॅम तुरटी जात असेल तर अर्धा पेला निवळी पुरते. अथणी-चिकोडीला याची गरजच पडत नाही.

*लोह.* हवा द्या आणि थांबा. पाणी एका हंड्यातून दुसऱ्यात उंचावरून चार-पाच वेळा ओता, किंवा टाकीत येणाऱ्या नळाला शॉवरची जाळी बसवा. रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळा. पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल तर लोह बसायला वेळ लागतो. तेव्हा थोडी चुन्याची निवळी मदत करते.

*जंतू.* नितळ पाणी फुगे येऊन खळाखळा उकळलं की एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळायचा हट्ट गॅसच्या टाकीवर पडतो.

आड शुद्ध करायचा तर ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीत तिला टीसीएल म्हणतात. आधी पाणी किती ते काढा. आडाचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. व्यास ३ आणि पाणी ४ मीटर असेल तर ९ गुणिले ४ गुणिले ७८५, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. चांगल्या पावडरीचं माप हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे इथे ७० ग्रॅम. बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाणी वाढवून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. खाली बसलेला चुना आडात टाकू नका, त्याने पाणी उगीच जड होतं. वरचं पाणी पोहऱ्याने आडात खोलवर सोडून हलवा आणि निदान एक तास उपसा बंद ठेवा. संध्याकाळी टाकून सकाळी उपसा केला तर उत्तम.

तासाभराने आरोग्य कर्मचाऱ्याच्या क्लोरोस्कोपवर (रंगावरून क्लोरीन मोजायचं छोटं साधन) लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर माप वाढवा. पावडर उघडी राहिली की तिची ताकद उडते. वास मंद झालेल्या जुन्या पोत्यावर भरवसा ठेवू नका.

दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पहिली: पावडर टाकली आणि आड लाल झाला. पावडर खराब नव्हती. पाण्यातलं विरघळलेलं लोह क्लोरीनने एका दमात गंजासारखं केलं, ते बसेल. दुसरी: एवढी पावडर टाकूनही तपासणीत जंतू निघतात. याची दोन कारणं असतात. एक तर पाणी गढूळ असतं आणि क्लोरीन मातीवरच खर्च होतं, म्हणून आधी निवळणं, मग क्लोरीन. किंवा पाण्याचा पीएच जास्त असतो. क्लोरीनचं जंतू मारणारं खरं रूप साडेसात पीएचला निम्मं असतं, साडेआठला ते दहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. पूर्वेकडच्या क्षाराच्या पाण्याला म्हणून जास्त वेळ द्या.

मशीन घ्यायचंच असेल तर

जडपणा ३०० च्या आत, नायट्रेट-फ्लोराइड मर्यादेत आणि प्रश्न फक्त जंतूंचा असेल तर आरओ घेऊ नका. साधा फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा) पुरतं, किंवा उकळणं. बेळगाव शहरात राकसकोपचं पाणी नळाला येत असताना आरओ लावणं म्हणजे पैसे देऊन पाणी वाया घालवणं. घरगुती आरओ जितकं शुद्ध पाणी देतो त्याहून जास्त बहुधा मोरीत सोडतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं.

टीडीएस हजाराच्या घरात, पाणी मचूळ, किंवा नायट्रेट वा फ्लोराइड जास्त असेल, तर आरओला घरगुती पर्याय नाही. तिथे तो घ्या आणि फक्त पिण्या-स्वयंपाकापुरता वापरा. बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला ठीक आहे, पण कुंड्यांना नको. त्यात तुमच्या बोअरचे सगळे क्षार दाट होऊन आलेले असतात.

सॉफ्टनर हा वेगळा प्राणी. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून बदल्यात सोडियम देतो. अंघोळ, धुणं, गीझर यांना उत्तम. पण प्रत्येक १०० जडपणामागे पाण्यात लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं, म्हणून घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर स्वयंपाकघराचा नळ त्याच्या आधीच वेगळा काढून घ्या. सॉफ्टनरने टीडीएस कमी होत नाही आणि मचूळ चवही जात नाही.

मळ्यातलं पाणी

ठिबकच्या तोट्या बुजतात त्याचं कारणही गीझरसारखंच. बायकार्बोनेटचं पाणी उन्हात तापलेल्या नळीत बसून राहतं आणि तोंडाशी चुना धरतो. आम्ल सोडून नळ्या साफ करताना नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नको. जोराची उष्णता निघून ते अंगावर उडतं. हातमोजे आणि चष्मा हवाच.

दुसरी चूक खतांची. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (फॉस्फेटचं विद्राव्य खत) एकाच टाकीत कालवलं की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा गाळ होतो. कॅल्शियम नायट्रेटसोबत मॅग्नेशियम सल्फेट घातलं तर जिप्सम बसतं. पैसे मुळापर्यंत जातच नाहीत, फिल्टरमध्ये अडकतात. तुमचं पाणी ६०० जडपणाचं असेल तर त्यात कॅल्शियम आधीपासूनच आहे, म्हणजे नुसतं १२:६१:०० सुद्धा गाळ धरू शकतं. नवं खत आणलं की टाकीच्या प्रमाणातच एका काचेच्या बरणीत, आपल्याच बोअरच्या पाण्यात कालवा आणि अर्धा तास सावलीत ठेवा. पाणी दुधाळ झालं किंवा तळाला पांढरं दिसलं तर ती दोन खतं वेगवेगळ्या दिवशी सोडा, आणि मध्ये नळ्या साध्या पाण्याने धुऊन घ्या.